जमिनीत पुरलेले धन आणि ओवीचे धाडस

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. परदेशी निघालेला एक धनी आपल्या तीन चाकरांकडे ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे आपले धन सोपवून जातो. पहिले दोघे ते व्यापारात घालून दुप्पट करतात. तिसरा आपल्या वाट्याचे धन खड्डा खणून जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर जसेच्या तसे त्याच्या हाती देतो. त्याने चोरी केलेली नाही, उधळपट्टी केलेली नाही, एक पैही बुडवलेली नाही. तरीही दृष्टान्तातला सगळा रोष त्याच्याच वाट्याला येतो. असे का वागलास, याचे त्याने दिलेले कारण एकच आहे: आपल्याला भीती वाटली.

साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना हा तिसरा चाकर अनोळखी वाटू नये. कवितेची वही कुणाला न दाखवणारा विद्यार्थी, प्रबंधाचे पहिले प्रकरण वर्षानुवर्षे सुधारत बसलेली संशोधक, चांगले लिहिता येत असूनही केवळ व्याख्यानाच्या टिपणांवर आयुष्य काढणारा प्राध्यापक, हे सगळे त्याचेच गोतावळ्यातले. अपयश येऊ नये म्हणून ते काही करतच नाहीत, आणि त्यामुळे त्यांचे अपयश कधी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. या भीतीवर ख्रिस्ती श्रद्धेने कोणता उतारा दिला आणि तो मराठी साहित्यात कसा उमटला, याचा थोडा विचार येथे करायचा आहे. त्यासाठी मी जागा निवडली आहे ती नेवासा. कारण मराठीत स्वतःच्या पात्रतेविषयीची शंका आणि तिच्यावरची मात यांची कहाणी सांगायची झाली, तर तिचा आरंभ प्रवरेच्या काठीच करावा लागतो.

शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे ज्ञानेश्वरीची रचना पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ती सांगितली असे मानले जाते, तो खांब आजही तेथे आहे, आणि दुर्गा भागवतांच्या 'पैस' या पुस्तकामुळे तो साहित्याच्या अभ्यासकांनाही परिचित आहे. परंपरेने ज्ञानदेवांचा जन्मशक ११९७ धरला, तर त्या वेळी त्यांचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. संन्याशाची मुले म्हणून समाजाने या भावंडांना बाहेर ठेवले होते, ही कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. अशा मुलाने गीतेचा अर्थ लोकभाषेत सांगायला बसावे, ही गोष्ट धाडसाची होती आणि तिचे धाडस त्याला स्वतःला पुरते कळले होते. पहिल्याच अध्यायात तो आपली तुलना चोचीने समुद्र मोजायला निघालेल्या टिटवीशी करतो. पुढे लगेच श्रोत्यांना विनवतो की, उणे असेल ते पुरे करून घ्या आणि अधिक असेल ते सोडून द्या.

अशा विनयाला आपण काव्यारंभीचा संकेत म्हणून सोडून देतो. संस्कृत महाकवींनीही तो पाळला आहे, हे खरेच. पण ज्ञानदेव या शंकेचे पुढे काय करतात, ते पाहण्यासारखे आहे. आपण समजतो त्याहून अधिक समर्थ आहोत, असे म्हणून ते स्वतःची समजूत घालत नाहीत. टिटवी टिटवीच राहते आणि समुद्रही समुद्रच राहतो. बदलतो तो कामाचा मालक. हे काम निवृत्तिनाथांच्या कृपेचे आहे आणि आपण केवळ निमित्त आहोत, असे ठरल्यावर मोजमापाचा प्रश्नच गळून पडतो. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, सारा ग्रंथ सिद्धीस गेल्यावर, ते स्वतःकडे काय उरले असे म्हणतात? पाईकपण. सेवकाचे नाते तेवढे उरले, बाकी सर्व श्रेय श्रोत्यांचे आणि गुरूंचे.

हा शब्द मनात ठेवून पुन्हा त्या दृष्टान्ताकडे वळावे. तिन्ही चाकर पाईकच होते. धन तिघांपैकी कुणाचेच नव्हते. तिसऱ्याची चूक अशी की परक्याचे धन हातात असताना त्याने स्वतःचीच चिंता केली. ते हरवले तर आपली काय गत होईल, एवढाच विचार त्याच्या मनात होता. पहिल्या दोघांना नुकसानीची शक्यता दिसत नव्हती असे मानायला जागा नाही. व्यापारात ती असतेच. तरी ते बाजारात गेले.

ज्ञानदेवांनी घडवलेली ओवी पुढे ख्रिस्ती कवींच्या हाती आली, आणि तिच्याबरोबर ही शंकाही आली. गोव्यात १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या या इंग्रज जेझुइटाने परक्या भाषेत, त्या भाषेच्या सर्वांत मानाच्या छंदात, दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या. भाषा जन्माने आपली नसणे ही लेखकाची सर्वांत मोठी भीती म्हटली पाहिजे. ती बाजूला सारून स्टीफन्स मराठीची थोरवी गातात आणि नवख्रिस्ती श्रोत्यांच्या गरजेसाठी लिहीत राहतात. त्यांच्यापुढे ऐकणारा समाज होता आणि त्याला पुराण हवे होते, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

तीन शतकांनंतर हीच ओवी नेवाशाच्या शेजारच्या मुलखात, नगर आणि राहुरीच्या परिसरात, एका बाईच्या वाट्याला आली. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण मला या विषयात सर्वांत बोलके वाटते. शाळेचा उंबरठा त्यांनी ओलांडलेला नव्हता. लिहावाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याकडून, आणि तेही त्याच्या लहरीप्रमाणे. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. शीघ्र काव्यशक्तीचा, तितक्याच शीघ्र संतापाचा, घरातून केव्हा निघून जाईल आणि केव्हा परत येईल याचा नेम नसलेला माणूस. अशा कवीच्या सावलीत वावरणाऱ्या अर्धशिक्षित बाईने स्वतःला लेखिका समजावे, असे त्या काळात तिला कोण सांगणार होते?

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार उन्मळून पडला. काही वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. पुढे जात माणसाने केली, देवाने नाही, हा विचार त्यांच्या मनाने आपणहून घेतला. मग अन्नपाण्याचा विटाळ सुटला आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याच्या श्रद्धेचा शिक्का त्यांनी स्वतःवर उमटवून घेतला नाही. आधी विचार, मग आचार आणि मग संस्कार, अशा चालीने त्या आल्या. ज्या बाईला कोणतीही गोष्ट ठरवण्याचा अधिकार कधी दिला गेला नव्हता, तिने आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट स्वतः ठरवली. आत्मशंकेवरचा पहिला विजय तेथे आहे, आणि तो लेखणी हाती येण्यापूर्वीचा आहे.

टिळकांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतले होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्याचे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. हे प्रमाण एकदा डोळ्यांपुढे आणावे. महाकवी म्हणून गाजलेल्या नवऱ्याने साडेदहा अध्यायांवर सोडलेले काम, शुद्धलेखनाची धास्ती असलेली विधवा हाती घेते आणि त्याच्या सहापट मजकूर त्यात घालून पुरे करते. काव्यगुणांच्या दृष्टीने दोघांच्या अध्यायांत तरतम भाव करता येईल, आणि समीक्षकाने तो जरूर करावा. पण लक्ष्मीबाईंनी तो आधी स्वतःच करत बसायचे ठरवले असते, तर 'ख्रिस्तायन' साडेदहा अध्यायांवरच थांबले असते. पतीच्या नावाचे धन सुखरूप पुरून ठेवण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होता, आणि तसे केले म्हणून त्यांना कुणी दोष दिला नसता.

'स्मृतिचित्रे' या अजोड आत्मचरित्राची जन्मकथाही अशीच. वडिलांच्या चरित्रासाठी मुलगा देवदत्त याने आठवणी लिहून काढायला सांगितल्या, आणि त्या आठवणींतून १९३४ ते १९३६ या काळात चार भागांचा ग्रंथ उभा राहिला. आपण वाङ्मय निर्माण करत आहोत, असा आव त्यात कोठेही नाही. बोलता बोलता सांगावे तशी ती भाषा आहे. स्वतःची फजिती, स्वतःचे भय, स्वतःचा हेका यांकडे हसून पाहण्याची जी शक्ती तेथे दिसते, ती कोठून आली? एक उत्तर त्यांच्या स्वभावात आहे. दुसरे त्यांच्या श्रद्धेत आहे, असे मला वाटते. ज्याला क्षमा मिळाल्याची खात्री आहे, त्याला स्वतःची बाजू लढवत बसावे लागत नाही. बहुतेक आत्मचरित्रे बचावाची कैफियत असतात. हे तसे नाही, आणि म्हणून ते टिकले. जोसेफीन इंकस्टर यांच्या १९५० सालच्या इंग्रजी अनुवादाचे नाव होते 'आय फॉलो आफ्टर'. जुन्या इंग्रजी बायबलात हेच शब्द पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रात येतात, तेही अशा ठिकाणी की जेथे पौल आपण अजून परिपूर्ण झालेलो नाही, पण धाव चालू आहे, असे सांगत आहे. लक्ष्मीबाईंच्या लेखनाला याहून नेमके नाव सुचणे कठीण.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. अलीकडे या विषयावर जे बोलले जाते, मग ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात असो वा एखाद्या प्रार्थनासभेत, त्याचा सूर असा असतो: स्वतःवर विश्वास ठेवा, यश तुमचेच आहे. प्रार्थनासभेत तेवढ्यापुरते देवाचे नाव जोडले जाते. माझा आक्षेप येथे आहे. बायबलात जे घाबरलेले लोक आहेत त्यांना देव असे काहीच सांगत नाही. मोशे म्हणतो, मला बोलता येत नाही, माझी जीभ जड आहे. त्यावर, तुला उत्तम बोलता येते, असे उत्तर मिळत नाही. सोबतीला भाऊ अहरोन मिळतो. यिर्मया म्हणतो, मी पोर आहे. त्याच्या पोरपणाबद्दल वाद घातला जात नाही. मी तुझ्याबरोबर आहे, एवढेच आश्वासन मिळते. पेत्र पाण्यावर चालू लागतो, वारा पाहून भितो, बुडू लागतो आणि हात धरून वर काढला जातो. तिन्ही ठिकाणी शंका खोटी ठरवलेली नाही. माणसाची उणीव मान्य करूनच त्याला कामाला लावलेले आहे.

यशाची हमी आणि सोबतीचे आश्वासन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हमी फसली की श्रद्धाही फसते, आणि आपलीच श्रद्धा कमी पडली ही नवी शंका जुन्या शंकेच्या डोक्यावर बसते. सोबतीचे आश्वासन अपयशातही मोडत नाही. ख्रिस्ती कथेच्या मध्यभागी जगाच्या दृष्टीने साफ हरलेला एक माणूस क्रुसावर आहे, हे येथे विसरून चालणार नाही. ज्ञानदेव आणि ख्रिस्ती कवी यांच्यात पाईकपण समान असले, तरी हा भेद राहतो. एकाकडे गुरुकृपेची परिपूर्णता आहे, दुसऱ्याकडे पराभवालाच दिलेली प्रतिष्ठा आहे. टिळकांच्या चरित्रातही हे दिसते. १९१७ साली त्यांनी मोठ्या उमेदीने 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांत ते गेले, आणि दरबार त्यांच्या कल्पनेप्रमाणे वाढला नाही. महाकाव्यही अपुरेच राहिले. ज्याच्या दोन सर्वांत मोठ्या इच्छा अशा अर्ध्यावर राहिल्या, त्या माणसाला अयशस्वी म्हणायचे का? लक्ष्मीबाईंच्या चौसष्ट अध्यायांनी या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे: अपुरे राहणे म्हणजे दुसऱ्यासाठी जागा राहणे.

यावर दोन हरकती येतील, आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिली अशी की आत्मशंका हा केवळ मनाचा दोष नसतो. समाज ती शिकवतो. हे सर्वस्वी खरे आहे. नेवासे तालुक्यातल्या वडाळा येथे अमेरिकन मराठी मिशनने एकोणिसाव्या शतकात ठाणे उभारले. या जिल्ह्यात मिशनच्या शाळांत आणि चर्चमध्ये आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. आपल्याला काही येत नाही, ही त्यांची समजूत त्यांच्या मनात उपजलेली नव्हती. ती पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावर लादलेली होती. त्यांच्यासाठी श्रद्धेचा अर्थ प्रथम हा होता की, आपणही मोजले जातो, आपल्याही हाती काही सोपवले गेले आहे. पाटी, पुस्तक आणि कीर्तन यांच्या रूपाने ते प्रत्यक्ष हाती आले, म्हणूनच तो अर्थ खरा ठरला. नुसत्या उपदेशाने तो ठरला नसता. चर्चमध्ये आल्यावरही जात पुरती सुटली नाही, हेही लपवू नये. ज्या समाजाने शंका पेरली त्याला हात न लावता शंकेखोराला प्रवचन देणे, हा श्रद्धेचा दुरुपयोग आहे.

दुसरी हरकत अशी की धर्म भीती घालवतो तसा घालतोही. याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. साडेसातीच्या भयाने किती माणसे तेथे येतात हे सर्वजण पाहतात. पण दुसऱ्याच्या देवळाकडे बोट दाखवण्यापूर्वी ख्रिस्ती वाचकाने आपल्या घरातली भीती पाहावी. नरकाच्या वर्णनांनी, पापांच्या याद्यांनी आणि सदैव हिशेब मागणाऱ्या देवाच्या चित्राने किती मुले मुकी झाली असतील! आणि याचे निदान त्याच दृष्टान्तात आहे. तिसरा चाकर धन्याला काय सांगतो? तू कठोर आहेस, जेथे पेरले नाहीस तेथे कापणी करतोस, म्हणून मी भ्यालो. म्हणजे त्याची भीती त्याच्या मनातल्या धन्याच्या चित्रातून आली. दृष्टान्तात त्या धन्याने तर विश्वासाने आपले धन त्याच्या हाती सोपवले होते. देवाचे चित्र चुकले की श्रद्धा हाच खड्डा होतो.

म्हणून, अपयशाची भीती श्रद्धेने जाते का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: जाते, पण श्रद्धा भित्र्याला शूर ठरवते म्हणून नव्हे. काम आपले नाही, सोपवलेले आहे. उणे भरून काढणारे कुणी आहे. आणि पडलो तरी हात सुटणार नाही, या तीन गोष्टी पटल्या की भिणाऱ्याला भिताभिताही काम करता येते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले ते साध्यासुध्या बायकांना कळावे म्हणून. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, स्वतःची प्रकृती ढासळली, तरी ते काम त्यांनी टाकले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला. तो कसा ठरेल हे पाहण्यासाठी त्या उरल्या नाहीत. तशी अटही त्यांनी घातलेली नव्हती.

श्रद्धा नसलेल्या वाचकाने यातून काय घ्यावे, हे त्याचे त्याने ठरवावे. निदान शिक्षकांनी एक गोष्ट घ्यावी असे मला वाटते. आपल्या वर्गात बसलेल्या मुलामुलींच्या मनात मूल्यमापनाचे, म्हणजे पर्यायाने आपले, कोणते चित्र आहे, याचा विचार आपण क्वचित करतो. ऱ्हस्वदीर्घाच्या लाल खुणांनी भरलेली वही परत मिळाली की खेड्यातून आलेली मुलगी पुढचा निबंध पाठ्यपुस्तकातून उतरवते. तेवढ्यापुरती ती सुरक्षित होते. तिच्या घरची भाषा, तिची स्वतःची नजर, सारे मातीखाली जाते. शुद्धलेखन शिकवू नये असे मुळीच नाही. पण आजच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या रीतीने 'स्मृतिचित्रे'चे हस्तलिखित तपासले असते, तर त्याला किती गुण मिळाले असते, हा हिशेब प्रत्येक मराठीच्या शिक्षकाने एकदा करून पाहावा. उणे असेल ते पुरे करून घेण्याची विनंती ज्ञानदेवांनी नेवाशात श्रोत्यांना केली होती. ती श्रोत्यांनी मान्य केली, म्हणून मराठीला ज्ञानेश्वरी मिळाली.